कडेचा रंग, यंत्राचा भार

खंडेनवमी जवळ आली की चाकणहून राजगुरुनगरकडे येणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरांत आणि डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गाड्यांची रांग लागते. पूजेला गाडी लखलखीत हवी असते, आणि बफिंग मशीनने ती एका दिवसात लखलखते हे खरेच आहे. पण पॉलिश झालेल्या गाड्या ट्यूबलाइटखाली नीट पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते. छताचा, दाराचा, बॉनेटचा सपाट भाग आरशासारखा झालेला असतो, आणि बॉनेटची पुढची कड, दारावरून आडवा गेलेला कंगोरा, चाकावरच्या कमानीचा ओठ किंवा बंपरचा कोपरा मात्र मंद, ओरखडलेला, कधी थेट प्रायमरपर्यंत उघडा पडलेला दिसतो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, कारागीर कोणीही असो, जागा त्याच. याला व्यवसायातले नेहमीचे उत्तर 'हात चुकला' असे आहे. ते मला अपुरे वाटते. सगळ्यांचेच हात त्याच जागी चुकत असतील तर दोष हाताच्या आधी जागेत शोधायला हवा. पत्र्याचा आकार, पॅडचा त्यावर टेकणारा भाग आणि दोन्हींमध्ये अडकलेली उष्णता यांचा हिशेब मांडला की एक निष्कर्ष टाळता येत नाही: बाक आणि कडा यांवर सुरक्षित पॉलिश म्हणजे सपाट भागापेक्षा कमी पॉलिश. तिथे काही बारीक ओरखडे जाणूनबुजून ठेवावे लागतात. हे गिऱ्हाइकाला आवडत नाही, कारागिराला कमीपणाचे वाटते, आणि म्हणूनच ते सविस्तर पटवून द्यावे लागते.

आधी झिजणारी वस्तू किती आहे ते पाहू. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, महिंद्राचा त्यानंतर लगेच. पिंपरीत टाटांचा कारखाना त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. या पट्ट्यातल्या माणसांना पेंट शॉप नवे नाही, तरीही थरांची जाडी आकड्यांत सांगितली की बहुतेक जण चमकतात. फॉस्फेटच्या प्रक्रियेनंतर बॉडी विद्युतभारित रंगाच्या टाकीत बुडवली जाते. तो पहिला थर साधारण २० मायक्रॉनचा असतो. त्यावर प्रायमर ३० ते ४०, मग ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट केवळ १० ते २०, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५०. काही नव्या पद्धतींत प्रायमरचा वेगळा थर गाळलेला असतो. सगळे मिळून ९५ ते १३० मायक्रॉन. रोजच्या वर्तमानपत्राचे एक पान सुमारे ७० मायक्रॉन जाडीचे असते, म्हणजे ज्या क्लिअर कोटवर यंत्र चालवायचे तो त्या पानाहूनही पातळ आहे. त्यातलाही सगळा खर्च करता येत नाही. सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार पातळ झाला की किरणे खालच्या रंगापर्यंत पोचतात, दोन थरांमधली पकड सुटते आणि काही उन्हाळ्यांनंतर बॉनेटवरून पापुद्रे निघू लागतात. म्हणून गाडीच्या सबंध आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनपलीकडे जाऊ नये असा सावध हिशेब या व्यवसायातली जाणती माणसे धरतात. जोरदार कंपाउंडच्या एका कामात साधारण दोन ते चार मायक्रॉन जातात, हलक्या पॉलिशमध्ये एखादा किंवा त्याहून कमी. सपाट पत्र्यावरसुद्धा ही शिल्लक तीन-चार जोरदार कामांपुरतीच आहे.

ही मर्यादा पूर्वी इतकी कडक नव्हती, आणि आजच्या अनेक सवयी त्या पूर्वीच्या आहेत. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ड्युपॉन्टचे ड्युको लॅकर वापरले, तेव्हापासून फवारून पटकन वाळणारा आणि घासून चमकवायचा रंग मोटारींवर रुळला. आपल्याकडे अँबॅसडर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, रंग एकाच जातीच्या थरांचा असे. वरपासून प्रायमरपर्यंत तोच रंग. रबिंग कंपाउंड मारले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा, आणि कारागिराला त्यातून दोन गोष्टी कळायच्या: घासणी होते आहे, आणि किती होते आहे. कडेवर फडके जास्त रंगले की हात आपोआप आखडायचा. पातळ झाले तरी दिसायला रंग तोच राहायचा, शिवाय असल्या गाड्या पुन्हापुन्हा रंगवल्या जात. धातूची चमक असलेल्या रंगांबरोबर क्लिअर कोट आला आणि ही खूण गेली. आता पॅडवर येते ते पांढुरके. क्लिअर कोटचा भुगा आणि कंपाउंड त्यात वेगळे ओळखू येत नाहीत. पॅडवर रंग दिसला तर ती पूर्वीची सूचना उरलेली नाही, त्याचा अर्थ क्लिअर कोट संपला. जुन्या उस्तादांचा हात ज्या खुणेवर तयार झाला तीच नाहीशी झाली आहे. त्यांच्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तरीही 'इतकी वर्षे असेच करतो' या युक्तिवादाला हे उत्तर द्यावेच लागते.

कड आणि कंगोरा यांचा खरा हिशेब काचेच्या धंद्यातून आला आहे. एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी १९२७ मध्ये काच घासून गुळगुळीत करण्याच्या यंत्रांचा अभ्यास करताना एक साधे नाते मांडले: झीज ही दाब आणि घासण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते. आज सेमीकंडक्टरच्या चकत्या घासतानाही याच नात्यापासून सुरुवात करतात. ते मोटारीच्या पत्र्याला लावून पाहावे. १५० मिलिमीटर व्यासाचे पॅड सपाट छतावर पूर्ण टेकले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर भरते. यंत्राचे वजन आणि हाताचा भार मिळून पाच किलो धरले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २८ ग्रॅमच्या आसपास भार येतो. आता तेच पॅड, तोच हात, दारावरच्या कंगोऱ्यावर नेला. पॅड समजा एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवरच टेकले, तर १५ चौरस सेंटिमीटरवर तेच पाच किलो. दाब जवळजवळ बारापट. कंगोरा धारदार असेल आणि पट्टी तीनच मिलिमीटरची असेल तर चाळीसपटीच्या घरात. फोम दबतो, दोन्ही बाजूंनी थोडा लपेटतो, त्यामुळे प्रत्यक्षात पट बरीच कमी भरेल. ती चारपटच धरली तरी हिशेब पुरेसा बोलका आहे. सपाट भागावर अडीच मायक्रॉन काढणाऱ्या कामात कंगोऱ्यावरचे दहा मायक्रॉन जातात, म्हणजे गाडीच्या आयुष्यभराची शिल्लक एका दुपारी संपते. हात इथे कुठेच चुकलेला नाही. तो सगळीकडे सारखा राहिला, एवढेच.

गुणाकारातला दुसरा आकडा वेगाचा. साधे रोटरी यंत्र मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल तर १५० मिलिमीटरच्या पॅडचा काठ सेकंदाला जवळजवळ १२ मीटर वेगाने जातो, ताशी बेचाळीस किलोमीटर. पॅडच्या मध्याशी हा वेग शून्य असतो. पॅड सपाट ठेवले तर जलद आणि मंद भागांची सरासरी पत्र्याला मिळते. ते तिरके झाले की पत्र्याला भिडतो तो केवळ काठ, म्हणजे सर्वांत जास्त वेग आणि सर्वांत कमी क्षेत्र एकाच वेळी. खोलगट भागात, उदाहरणार्थ दाराच्या मुठीमागच्या वाटीत किंवा बंपरच्या आत वळलेल्या घडीत, मोठे पॅड तिरके केल्याशिवाय शिरतच नाही. फुगीर भागात ते सपाट ठेवायचे म्हटले तर मधलाच टिकलीएवढा भाग टेकतो. मग काम होत नाही म्हणून कारागीर नकळत तिरके करतो आणि दाबतो. काही शेडमध्ये पैसे वाचवायला ग्राइंडरलाच पॅड लावतात. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या पॅडचा काठ तेव्हा ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने रंगावरून जाईल. हे काम कोणाच्याही हाताने सुरक्षित होणार नाही आणि त्याबद्दल दुमत असू नये.

घासण्यात गेलेली शक्ती शेवटी उष्णता होते, आणि कडेला तीही साचते. पत्र्याच्या मधोमध तापलेल्या जागेची उष्णता चारी दिशांना पसरते. कडेवर एका बाजूला पत्राच संपलेला असतो. बंपर, आरशांची कवचे, स्पॉइलर हे तर प्लास्टिकचे. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचा असतो. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे ती रंगाच्या पातळ थरातच राहते. कारखान्यात पत्र्यावरचा क्लिअर कोट १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला असतो, तर बंपर वेगळा रंगवून ८०-९० अंशांवर वाळवलेला असतो, कारण त्यापुढे प्लास्टिकच तग धरत नाही. गरम झालेला क्लिअर कोट मऊ पडतो, पॅडला चिकटू लागतो, ओढला जातो, कधी सुरकुततो. याला कारागीर 'जळाला' म्हणतात, आणि शब्द अचूक आहे. एप्रिल-मे महिन्यांत खेड तालुक्यात उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या गाडीचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापलेला असतो. अशी गाडी सरळ शेडमध्ये घेऊन यंत्र लावले तर धोक्याचा अर्धा रस्ता उन्हानेच चालून झालेला असतो. पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

इथे एक आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतात, कारखान्यात रंग स्थिर विद्युतभाराने ओढला जातो. भार टोकांवर एकवटतो, म्हणून कडांवर रंग उलट जास्त बसतो. चित्राच्या चौकटीसारखी कडेलगत जाड पट्टी दिसते ती याचमुळे. हे निरीक्षण खरे आहे, पण अर्धवट आहे. ओला रंग वाहता असतो आणि त्याचा पृष्ठताण त्याला धारदार टोकावरून मागे खेचतो. भट्टीत तापल्यावर रंग आणखी पातळ होतो तेव्हा हे अधिकच घडते. परिणाम असा की कडेपासून थोडे आत रंगाचा उंचवटा साचतो आणि खुद्द टोकावरची त्वचा पातळ राहते. दोन्ही गोष्टी एकाच कडेवर, काही मिलिमीटरच्या अंतराने, शेजारी नांदतात. म्हणून 'कडेला रंग जाड' आणि 'कडेला रंग पातळ' ही दोन्ही विधाने करणारे आपापल्या परीने बरोबर असतात. पॅड मात्र आधी टोकालाच भिडते. शिवाय रंग जाड असल्याचे गृहीत धरले तरी चारपट झिजेला तोंड द्यायला तो चारपट जाड असावा लागेल, आणि तसा तो कोणत्याच कडेवर नसतो.

आता यंत्रांचा विचार. रोटरीचे पॅड एकाच आसाभोवती फिरते आणि हाताने दाबले तरी फिरतच राहते; ती वेगाने कापते, कुशल हातात अप्रतिम चकाकी देते, चुकली तर होलोग्रामसारखे वळसे किंवा जळलेली कड मागे ठेवते. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅड एका लहान वर्तुळात डोलते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळे फिरते. डोलण्याचा व्यास ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटर असतो. इटलीच्या रूपेस कंपनीच्या १५ आणि २१ मिलिमीटरच्या यंत्रांनी हा प्रकार जगभर रुजवला. १५ मिलिमीटरचे यंत्र मिनिटाला ४५०० वेळा डोलत असेल तर पॅडचा प्रत्येक बिंदू या डोलण्यामुळे सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने घासतो. रोटरीच्या काठाच्या तुलनेत हा वेग तिसऱ्या हिश्शाहून कमी, आणि पॅडवर सगळीकडे जवळपास सारखा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कडेवर किंवा बाकावर भार एका बाजूला पडला की पॅडचे मोकळे फिरणे थांबते. डोलणे चालू राहते, पण कापण्याचा जोर उतरतो. अनेक कारागीर याला यंत्राचा दोष मानून चिडतात. माझ्या मते या कामासाठी शोधलेला हा सर्वांत मोलाचा गुण आहे: यंत्र स्वतः सांगते की इथे भार एकवटला. पॅडमागच्या चकतीवर काळ्या मार्करने एक रेघ ओढली की फिरणे थांबल्याचे लगेच दिसते. ते थांबले म्हणून वरून दाबायचे, की भार हलका करून लहान पॅड घ्यायचे, या एका निर्णयात सुरक्षितता आणि नुकसान यांची फारकत होते.

पण 'ड्युअल अ‍ॅक्शनने रंग जळत नाही' ही जी समजूत विक्रेते पसरवतात तीही मान्य करता येत नाही. मायक्रोफायबरचे कापणारे पॅड, जाड कंपाउंड आणि एका जागी रेंगाळणे हे तिन्ही जमले तर प्लास्टिकवरचा रंग या यंत्रानेही मऊ पडतो. दाते असलेली, सक्तीने फिरणारी ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रे बाकावर थांबत नाहीत. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे या जातीचे यंत्र प्रसिद्ध आहे. ज्या फुगीर किंवा खोलगट भागावर मोकळे पॅड थांबून काम अडते तिथे ही यंत्रे फार उपयोगी. पण थांबून इशारा देण्याचा गुण त्यांच्यात नाही, म्हणून धारदार कडेवर त्यांना रोटरीइतकेच वचकून वागवावे. रोटरीला कायमचे हद्दपार करा असे मी म्हणणार नाही. तिच्यावर मुरलेला कारागीर आवाजावरून, हातात येणाऱ्या ओढीवरून, रंगाच्या वासावरून बरेच ओळखतो, आणि त्या जाणिवेला पर्याय नाही. पण ही जाणीव सपाट भागावर तयार होते, जिथे चूक सुधारायला काही सेकंद मिळतात. कडेवर ते सेकंदच मिळत नाहीत.

पॅडच्या आकाराबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, आणि माझ्या दृष्टीने बाकदार भागांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दीडशेचे पॅड ज्या कमानीवर एका पट्टीवर तोलले जाते, तिथे ७५ मिलिमीटरचे पॅड बऱ्यापैकी सपाट बसते. खांबांवर, आरशांवर, नंबरप्लेटच्या भोवती त्याहून लहान, पन्नास किंवा तीसचे. लहान पॅडचे क्षेत्रही लहान, म्हणून हाताचा भार त्या मानाने उतरवावा लागतो. हे विसरले तर लहान पॅड मोठ्यापेक्षा घातक ठरते. मऊ फोम बाकाला धरून बसतो आणि भार पसरवतो, हे चांगले. पण तोच फोम कडेवरून खाली लपेटून टोकाला तिन्ही बाजूंनी घासतो, म्हणून मऊ पॅड म्हणजे आपोआप सुरक्षित असे होत नाही. कंगोऱ्यावरून पॅड आडवे ओलांडू नये. त्याची वरची बाजू वेगळी, खालची वेगळी धरावी आणि मधल्या रेघेवर पाच-सहा मिलिमीटरची मास्किंग टेप लावावी. बॉनेटच्या, दाराच्या, डिकीच्या कडांनाही तशीच. रोटरी वापरायचीच असेल तर कडेला टेकणारी पॅडची बाजू पत्र्याकडून बाहेर जाणारी असावी. बाहेरून आत येणारे पॅड टोकाला आपटते, टोकाची त्वचा उचलते. बाहेर जाणारे त्यावरून सरकते. दिशेची ही एक गोष्ट कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय आजच्या आज अमलात येऊ शकते.

जाडी मोजण्याच्या मीटरवर सध्या बराच विश्वास टाकला जातो, आणि मोजल्याशिवाय यंत्र लावू नये हे मलाही मान्य आहे. तरी मीटर काय सांगत नाही ते समजून घ्यावे. लोखंडी पत्र्यावर तो चुंबकीय प्रेरणेने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने एकूण जाडी सांगतो. त्यात क्लिअर कोट किती ते कळत नाही. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर त्याचेही सात-दहा मायक्रॉन त्या आकड्यात मिसळतात. प्लास्टिकवर हा मीटर चालतच नाही. त्याला ध्वनिलहरींचा महागडा मीटर लागतो. स्वस्त मीटरची स्वतःची चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे एका पॉलिशमध्ये जाणाऱ्या जाडीइतकीच. सर्वांत चिंतेची बाब वेगळी आहे. कडेजवळ आणि फुगीर बाकावर मीटरच्या टोकाखाली लोखंड कमी असते, आणि कमी लोखंड म्हणजे त्याच्या लेखी जाड रंग. तो नेमका धोक्याच्या बाजूने चुकतो. जिथे माहितीची गरज सर्वांत जास्त, तिथे आकडा सर्वांत कमी विश्वासाचा आणि दिलासा मात्र देणारा. म्हणून मोजमाप कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत घ्यावे, कडेवर त्याहून कमीच आहे असे धरावे, आणि एकाच खुणेच्या जागी आधी व नंतर मोजून किती गेले याची नोंद ठेवावी.

मीटर दुसऱ्या एका कारणासाठी अमूल्य आहे. चाकण पट्ट्यात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री मोठी आहे, आणि त्यांतल्या कित्येकींचे एखादे दार किंवा बंपर आधी रंगवलेले असते. आकडा १२० ऐवजी २५० आला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे, ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. रंग जाड म्हणून निर्धास्त व्हावे असा मोह इथे होतो. पण गॅरेजचा क्लिअर कोट ६० अंशांच्या आसपास, कधी नुसत्या हवेवर वाळवलेला असतो. तो कारखान्याच्या रंगापेक्षा मऊ असू शकतो. रंगवण्यापूर्वी पाणीपेपरने कडा घासताना खालचा थर तिथेच सर्वांत जास्त गेलेला असतो. जाडी दुप्पट असूनही कड उघडी पडते ती अशा गाडीवर.

इतक्या काळजीनेही प्रत्येक पॉलिश हा खर्चच. मग तो मुळात लागू नये याकडे लक्ष जायला हवे, आणि इथे राजगुरुनगर-चाकणची हवा प्रश्नाचा भाग होते. महामार्गाची वाहतूक, चालू बांधकामे, मोशीकडच्या दगडखाणी यांची धूळ गाडीवर सतत बसते. दख्खनच्या काळ्या दगडातली फेल्डस्पारसारखी खनिजे कोणत्याही क्लिअर कोटहून कितीतरी कठीण असतात. सकाळी निघताना कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे तीच धूळ रंगावर रगडणे. वळशांसारखे बारीक ओरखडे बहुतांशी असेच पडतात, आणि मग ते काढायला दसऱ्याला यंत्र लागते. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे डाग उरतात, तेही पॉलिशनेच काढले जातात. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहवणे, मग शांपू, मग स्वच्छ मायक्रोफायबरने सावलीत टिपणे. यात नवीन काही नाही, पण कडांचा रंग वाचवणारे सर्वांत मोठे काम यंत्राच्या आधी इथेच होते.

राहिला गिऱ्हाइकाचा आग्रह. पैसे पूर्ण घेता, मग कडेला ओरखडे का ठेवता, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर शेजारच्या कारखान्यांत मिळते. मोटार कारखान्यांत रंगाची तपासणी करताना सबंध बॉडीला एकच कसोटी लावत नाहीत. सहज नजरेत येणारे भाग, कमी दिसणारे भाग आणि दार उघडल्यावरच दिसणारे भाग यांच्यासाठी दोषांची वेगवेगळी मर्यादा ठरलेली असते. रंगात अडकलेला धुळीचा कण काढायला तिथे सबंध पत्रा घासत नाहीत. नाण्याएवढ्या चकतीने तेवढाच बिंदू घासतात आणि लहान पॅडने उजळतात. थ्री-एमसारख्या कंपन्यांनी हेच काम यंत्रमानवाकडून करवून घेण्याच्या प्रणाली आणल्या, तेव्हा त्यांतही मुख्य भर दाब सतत ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यावर होता. ज्यांनी रंग बसवला ते इतक्या जपून घासतात, तर वर्षभर वापरलेल्या गाडीवर आपण अधिक धीट व्हावे याला आधार काय? सिरॅमिक कोटिंगचा दिलासाही इथे पुरत नाही. ते एक-दोन मायक्रॉनचे असते. ९एच हा त्याचा लौकिक पेन्सिलच्या कसोटीवरचा आहे, आणि ते लावण्यापूर्वी पुन्हा पॉलिशच करतात. गेलेला क्लिअर कोट त्याने भरून येत नाही. कडांची खरोखर चिंता असेल तर दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म बॉनेटच्या पुढच्या कडेवर, दारांच्या कडांवर चिकटवणे अधिक समंजस. ती महाग आहे, पण सबंध गाडीला लावायलाच हवी असे नाही.

वेळ आणि पैसा यांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. टेप लावणे, तीन आकारांची पॅडे बदलणे, मोजणे यात एका गाडीमागे एक-दोन तास वाढतात. रस्त्याकडेच्या शेडला ते परवडण्यासाठी दर वाढायला हवा, आणि दर वाढण्यासाठी गिऱ्हाइकाने चकाकीबरोबर उरलेल्या जाडीचीही किंमत मानायला हवी. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यातून येणाऱ्या मुलांना भंगारातल्या दारावर मुद्दाम कड जाळून दाखवली, मीटरचे आधीचे-नंतरचे आकडे लिहायला लावले, तर व्याख्यानांपेक्षा ते जास्त लक्षात राहील. असले दार या पट्ट्यातल्या कोणत्याही भंगारवाल्याकडे मिळते.

टेप काढल्यावर कडेलगत एक मंद रेघ उरते. तिच्यावर यंत्र न्यायचे नाही. बोटाभोवती मऊ फोमचा तुकडा धरून, हलके पॉलिश घेऊन, कडेला समांतर चार-पाच फेरे मारायचे, पुसायचे आणि पाहायचे. बोटाला कडेचा बाक कळतो, कड तापली तर आधी बोटालाच चटका बसतो. यानेही काही ओरखडे राहतील; वाकून दिव्याखाली पाहणाऱ्याला ते दिसतील, शेजारी उभ्या असलेल्याला दिसणार नाहीत. ते तसेच ठेवून जॉब कार्डावर लिहावे: बॉनेटची पुढची कड, डाव्या दाराचा कंगोरा, दोन्ही बंपरांचे कोपरे, यंत्र लावलेले नाही; सपाट भागावर आधी इतके, नंतर इतके. पुढच्या दसऱ्याला तीच गाडी दुसऱ्याच कोणाच्या हाताखाली येईल, तेव्हा त्याला एवढे वाचायला मिळाले पाहिजे.